काटा डावीकडे

स्टार्टरच्या जाड केबलच्या टोकांना लग, म्हणजे बोल्टात अडकवायच्या धातूच्या कड्या, दाबून घ्यायचे होते आणि ते दाबायचं हत्यार माझ्याकडं नव्हतं, म्हणून तालुक्याच्या गावाहून एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. पोरगा हातानं चांगला. लग दाबले, नट आवळले, इंजिन चालू करून सेल्फ नीट उचलतोय ना ते बघितलं, आणि हात पुसता पुसता त्याची नजर डॅशबोर्डवर गेली. "मॅडम, हा उलटा दाखवतोय की!" मी काही म्हणायच्या आत त्यानं इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर सोडली, डॅशबोर्डच्या मागं हात घालून अँपिअर मीटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा सेल्फ मारला. काटा थरथरत उजवीकडं गेला. अधिकच्या चिन्हाकडं, म्हणजे बॅटरी भरत असताना जिथं जायला हवा तिथंच. पोराच्या तोंडावर समाधान. मी म्हणाले, "पहिल्यासारखं कर." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. "पहिल्यासारखं म्हणजे, उलटं?" "हो, उलटं." त्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा चहा घेऊन उभ्या असलेल्या वहिनीकडं बघितलं, न बोलता वायरी परत फिरवल्या, पैसे घेतले आणि गाडीला किक मारून निघून गेला.

तो काटा उलटा आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं नाही.

मी तंत्रनिकेतनात विजेची यंत्रं आणि विजेची मोजमापं शिकवते. मीटर उलटा जोडणाऱ्या मुलाचे प्रात्यक्षिकात गुण कापते, आणि "सर, काटा हलतोय ना पण" असा युक्तिवाद करणाऱ्याचे जास्त कापते. (मुलं बाईंनाही सरच म्हणतात, त्याला इलाज नाही.) तर अशा बाईनं एका कारागिराला नीट झालेलं काम बिघडवायला सांगावं, आणि ते सांगताना आवाज जरा चढावा, याची माझी मलाच रुखरुख लागली. रात्री कोल्हापूरला परत येताना एसटीत सगळा वेळ डोक्यात तेच.

ट्रॅक्टर आप्पांचा, माझ्या वडिलांचा. मॅसी फर्ग्युसन ३५. तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन, लाल पत्रा, करडं धूड, आणि जन्म इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातला, साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. आप्पांनी तो १९७४ साली एका बागायतदाराकडून जुनाच घेतला. नवा ट्रॅक्टर म्हणजे तेव्हा नंबर लावून वाट बघत बसायची गोष्ट होती, आणि बहात्तरच्या दुष्काळातून नुकत्या वर आलेल्या माणसाला नव्याची किंमत विचारायचीही सोय नव्हती. आप्पांनी बैलजोडी विकली, त्या सालची सगळी हळद सांगलीच्या पेठेत घातली, राहिलेले हातउसने घेतले. ट्रॅक्टर दारात आला तेव्हा आजी ओवाळायला बाहेर येईना. रिकाम्या दावणीपाशी बसून राहिली, असं आई सांगायची. मी तेव्हा पाळण्यात होते. माझा ट्रॅक्टर सुरू होतो तो पुढं कधीतरी, पहाटेच्या थंडीत, मडगार्डवर बसून दोन्ही हातांनी दिव्याचा पत्रा घट्ट धरलेला असताना. आप्पा हाय-लोचा दांडा मधे आणायचे, कारण तो मधे नसेल तर सेल्फ लागायचाच नाही. मग किल्ली एक घर फिरवून धरून ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत वीसपर्यंत मोजायचं. तेवढ्या वेळात आत हवेच्या वाटेवर एक तारेचं वेटोळं लाल होतं, त्यावर डिझेल थेंबथेंब पडून पेटतं, आणि थंड इंजिनाला पहिला श्वास गरम मिळतो. हे मला पुष्कळ पुढं कळलं. तेव्हा फक्त वास कळायचा, जळक्या डिझेलचा, आणि त्यामागून येणारा तो पांढरा धुराचा लोट.

गळीत हंगामात आप्पा दुसऱ्यांचाही ऊस ओढायचे. दोन ट्रॉल्या लावून कारखान्यावर जायचं आणि वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढायची. दिवाळीच्या सुट्टीत मी हट्ट करून बरोबर जायची. रांगेत पुढं-मागं सगळे ट्रॅक्टर, शेकोट्या, बैलगाड्यांच्या बैलांच्या गळ्यातले घुंगरू, आणि साखर कारखान्याचा तो गोड-आंबट, घशात बसणारा वास. याच रांगेत कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर आप्पांनी टेप ऐकला. शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. मग आपल्या ट्रॅक्टरलाही टेप पाहिजे, कीर्तनाच्या आणि वगांच्या कॅसेटा पाहिजेत. सांगलीत टेप बसवणाऱ्यानं पाहिलं आणि हात वर केले. हा टेप मायनस बॉडीचा, तुमचा ट्रॅक्टर प्लस बॉडीचा. बसवला तर धूर निघेल. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची हीच तऱ्हा होती, बॅटरीची धन बाजू गाडीच्या अंगाला जोडलेली. दुसरा कुणी असता तर टेपचा नाद सोडून देता. आप्पांनी बॅटरी फिरवून घेतली.

ऐकायला हे मोठं वाटतं, पण विजेच्या दृष्टीनं यात फारसं काही घडत नाही. दिव्याला प्लस कुठला नि मायनस कुठला याच्याशी देणंघेणं नसतं. हॉर्नचंही तेच. सेल्फची मोटरसुद्धा उलटी फिरत नाही, कारण तिच्या फील्डमधला (स्थिर वेटोळ्यांतला) आणि आर्मेचरमधला (फिरत्या भागातला) प्रवाह एकदमच उलटा होतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत दरवर्षी विचारते आणि दरवर्षी निम्मा वर्ग "उलटी फिरेल" असंच सांगतो. इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या डायनामोला तेवढं नव्यानं समजवावं लागतं, त्याबद्दल पुढं. बदलतो तो फक्त अँपिअर मीटर. त्याच्या वायरी तशाच ठेवल्या तर बॅटरी भरताना काटा वजाकडं जातो आणि रिकामी होताना अधिकाकडं. त्या फिटरनं दोन वायरी बदलायचा कंटाळा केला, की आप्पांनीच "राहू द्या" म्हटलं, हे सांगायला आता दोघंही नाहीत.

मला मात्र मीटर वाचायला त्याच काट्यानं शिकवलं. "काटा डावीकडं झुकला म्हंजी बॅटरी भरतीय. उजवीकडं गेला आन् तिथंच बसला, तर मला उठवायचं." रांगेत आप्पा पाठीखाली पोतं टाकून डोळा लावायचे आणि माझ्यावर काट्याची राखण. इंजिन संथ चालत असलं की डायनामोला कटआउट, म्हणजे त्याला बॅटरीशी जोडणारा आपोआपचा स्विच, ओढायचाही दम नसतो. दिवे आणि टेप मग नुसती बॅटरी पितात. कीर्तनकार रंगात आले की काटा उजवीकडं. मग मी टेप बंद करायची, आणि आप्पा झोपेतच म्हणायचे, "का बंद केलास गं?" पुढं डिप्लोमाला गेले, केंद्रशून्य मीटर, म्हणजे मधोमध शून्य असलेला, शिकले, सुट्टीत घरी येऊन त्यांना समजावून सांगितलं की हे चुकीचं आहे, डावी बाजू म्हणजे खर्च. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुस्तकातला मीटर पुस्तकात ऱ्हाऊ दे. ह्यो माझा हाय."

पुढं माझं लग्न, नोकरी, भावाचा नवा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर. मॅसी गोठ्याच्या कडेला गेला. पण आप्पा होते तोवर तो चालता होता. पेरणी, पाण्याचा टँकर, कधी शेजाऱ्याची अडकलेली गाडी ओढणं.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. घरच्यांना विट्याला मावशीकडं हलवलं तेव्हा आप्पा सगळ्यांत शेवटी निघाले, आणि निघताना त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून माळ्यावर नेऊन ठेवली. पाणी ट्रॅक्टरच्या सीटला लागलं. उतरलं तेव्हा बॉनेटवर बोटभर पोयटा, त्यावर मांजरासारखी कुठल्यातरी जनावराची पावलं. आप्पांनी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. ऑइल काढलं, डिझेल टाकून इंजिन धुतलं, परत काढलं, परत धुतलं, इंजेक्टर सोडवून हातानं इंजिन फिरवलं. इंजिन वाचलं. वायरिंगला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, थंडीत बघू. त्या थंडीत ते गेले.

वाटणीच्या वेळचं थोडं लिहायला हवं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क, हे महाराष्ट्रानं १९९४ साली कायद्यात आणलं आणि केंद्रानं २००५ साली. कायदा मला पाठ आहे, मैत्रिणींना मी तो सांगतेही. आणि तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी हक्कसोडपत्रावर सही केली, वहिनीनं दिलेली साडी घेतली, भावाच्या घरी पुरणपोळी जेवले. का केली, याची माझ्याकडं दोन-तीन उत्तरं आहेत. ती दिवसागणिक बदलतात, म्हणून इथं लिहीत नाही. भाऊ वाईट नाही. पूर पाहिलेली जमीन कसणं काय असतं ते तो जाणतो, मी फक्त ऐकते. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आक्का, घरातलं तुला काय पाहिजे ते माग." मी म्हणाले, "ट्रॅक्टर." आधी तो हसला. मग गंभीर झाला. "लोक काय म्हणतील? बहिणीला भंगार दिलं?" तो खरोखर दुखावला होता. मला चार तोळे मागता आले असते तर त्याला बरं वाटलं असतं. शेवटी ठरलं ते असं की ट्रॅक्टर माझ्या नावावर, पण राहणार त्याच्याच गोठ्यात. मालक मेल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायला नमुना ३१ भरावा लागतो. त्यात बाकीच्या वारसांच्या संमत्या आणि मुदत संपलेली नोंदणी, त्या हेलपाट्यांची कहाणी सगळ्यांना पाठ असते, ती सोडून देते.

शनिवारी संध्याकाळी यायचं, रविवारी रात्री जायचं, असा क्रम बसला. गावात चर्चा झाली, ओसरली. भावाचा मुलगा, माझा पुतण्या, आधी नुसता बघायला यायचा. मग पाने द्यायला लागला, मग मी मागायच्या आधीच योग्य नंबरचा पाना द्यायला लागला.

वायरिंग उघडलं तेव्हा पहिल्यांदा समोर आले उंदीर. डॅशबोर्डच्या मागं कापसाचं, सुतळीचं आणि कुरतडलेल्या रबराचं घरटं. ते काढल्यावर आप्पा दिसायला लागले. कारखान्यानं घातलेली वायर फार थोडी उरली होती, बाकी सगळी नंतरची. जिथं जिथं सांधा तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर दोरा बांधलेला. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे दोन पदर पिळून. ट्रॉलीच्या लाल दिव्याला घरातल्या ट्यूबलाइटच्या वायरीचा तुकडा. आणि मागच्या नांगराच्या दिव्याला चक्क घरातलं काळं बॅकेलाइटचं बटण, लाकडी गुटक्यावर स्क्रूनं बसवून मडगार्डच्या आतल्या बाजूला लावलेलं. उन्हाळ्यात आप्पा रात्रीचे नांगरायचे, तेव्हा मागं न बघता हात नेला की सापडावं म्हणून नेमकं मांडीपाशी. मी ते बटण दाबून बघितलं. टक् असा भरीव आवाज. आत पाणी शिरून, वाळून, गंजून, तरीही टक्. एक निळी वायर डॅशबोर्डवरून निघून सीटखाली जाऊन कुठंच न जाता संपत होती. टोकाला चिकटपट्टी नीट दुमडून लावलेली. ती टेपची. टेप कधी बंद पडला, कधी काढला, मला आठवत नाही. वायर मात्र पुन्हा लागेल म्हणून ठेवली होती.

उपटण्याआधी प्रत्येक वायरीला नंबराची पट्टी लावली आणि वहीत आकृती काढली. हे शिस्त म्हणून सांगतेय असं वाटेल. खरं कारण, उपटवत नव्हतं आणि काढताना वेळ जात होता.

सेल्फचा प्रश्न आधी सुटला. बॅटरी नवी, तरी इंजिन कण्हत एक फेरा घ्यायचं आणि थांबायचं. सगळ्यांचं मत, सेल्फ खोला. मी मल्टिमीटर लावला. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर साडेदहा व्होल्ट आणि सेल्फच्या टोकावर जेमतेम आठ. मधले अडीच गेले कुठं? एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि एक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली, पुतण्याला किल्ली फिरवायला सांगितली, तर दोनच्या आसपास व्होल्ट तिथंच पडत होते. तिथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. अर्थिंगची विणलेली तांब्याची पट्टी आतून हिरवी होऊन भुगा झाली होती, आणि तिच्या बोल्टखाली कुणीतरी कधीतरी उत्साहानं मारलेल्या लाल रंगाचा थर. पट्टी नवी घातली, बोल्टखालचं लोखंड चकचकीत होईतो घासलं, वर व्हॅसलिन. दुसऱ्या बाजूची केबलही जुनीच होती, ती बदलायची ठरवली, आणि तिच्याच लगांसाठी पुढं तो पोरगा आला. सेल्फ न खोलताच इंजिन धडधडायला लागलं. पुतण्या म्हणाला, "आत्ती, म्हणजे आजार एकाचा आणि ऑपरेशन दुसऱ्याचं होणार होतं." कारखान्यात, कार्यालयांत, घरात, आम्ही सगळे प्लसच्याच मागं लागतो. परतीच्या वाटेकडं कुणी बघत नाही. हे मी वर्गात दरवर्षी बोलते आणि मुलं दरवर्षी वहीत लिहून घेतात.

डायनामो मात्र खोलावाच लागला. ल्युकासचा, २२ अँपिअरचा. आत कृष्णेचा पोयटा वाळून खडूसारखा झालेला. तो घेऊन कोल्हापुरात उद्यमनगरला गेले. तिथल्या एका बोळात आयुष्यभर वायंडिंग करत आलेले एक चाचा आहेत. त्यांनी आर्मेचर ग्राऊलरवर, म्हणजे ते तपासायच्या विद्युतचुंबकावर, ठेवलं, वर हॅकसॉचं तुटकं पातं धरलं आणि आर्मेचर हळूहळू फिरवत नेलं. एखादं वेटोळं आतल्या आत जोडलं गेलं असेल तर त्यावर पातं झणझणतं. पातं गप्प राहिलं. "चांगलंय हो," ते म्हणाले, "धुऊन सुकवू, वार्निश मारू. नवीन वायंडिंग सांगणारे पुष्कळ भेटतील, ऐकू नका." कॉम्युटेटर, म्हणजे ज्यावर कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, त्यांनी लेथवर जरा उतरवला, मग त्याच तुटक्या पात्यानं तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक एकेक करून खाली कोरला. ते करताना त्यांनी श्वास धरलेला मला दिसत होता. पॉलिशला एमरी पेपर नाही, काचपेपर. एमरीची भुकटी फटीत बसली की पट्ट्या आपसांत जोडल्या जातात. नवी पितळी बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा असं सांगून दिली. कार्बन नवे. बिल सांगताना त्यांनी आर्मेचरचे पैसे धरलेच नाहीत. म्हणाले, "त्याला मी काय केलं? ते चांगलंच होतं."

घरी येऊन डायनामो बसवला आणि अडले. डायनामोला आपली वीज उभी करायला सुरुवातीला थोडं चुंबकत्व लागतं, मागच्या वेळचं लोखंडात राहून गेलेलं. अवशिष्ट चुंबकत्व. ते ज्या दिशेचं असेल त्या दिशेनं तो वीज करतो. पुरात बुडून, खोलून, ठोकून झाल्यावर ते नव्यानं भरणं बरं. काम सोपं आहे. डायनामोच्या वायरी काढायच्या, बॅटरीच्या जिवंत टोकाची एक तार एफ टर्मिनलला, म्हणजे फील्डच्या टोकाला, क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी उडते, झालं. पण जिवंत टोक कुठलं? सगळं वायरिंग नवं घालत होते. आता कंपनीनं दिला होता तसा प्लस बॉडीचा करायला काहीच अडचण नव्हती. हाती आलेला जुना ट्रॅक्टर दुरुस्त करणारे जगभर लोक आहेत, इंग्लंडात तर या छोट्या फर्ग्युसनांचे मेळे भरतात, आणि त्यांचा एक धर्म आहे, मूळचं होतं तसं करायचं. रंगाची छटा, नटांची जात, पट्टीवरची अक्षरं, सगळं कारखान्यातून निघालं तसं. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण आमच्या गोठ्यातल्या ट्रॅक्टरचं मूळ कुठलं? कॉव्हेंट्रीतले दिवस थोडे, बागायतदाराकडची वर्षं थोडी, आप्पांकडं पंचेचाळीस. बॅनर लेनचा कारखानाही या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. ज्यांनी प्लस बॉडीला जोडला त्यांची बाजू घेऊन मी ज्यांनी मायनस जोडला त्यांना खोडून काढायचं, याला मूळ म्हणायचं माझ्यानं होईना. आणि भावना बाजूला ठेवली तरी, आज कुठलाही एलईडी दिवा, कुठलाही मोबाइल चार्जर मायनस बॉडीचाच. मी प्लसची तार एफला टेकवली. ठिणगी उडाली. मग डी (वीज बाहेर पडते ते टोक) आणि एफ एकत्र करून व्होल्टमीटर लावला, पुतण्यानं रेस जरा वाढवली आणि व्होल्ट सरसर चढत गेले. रेग्युलेटरच्या डब्यातला कटआउट तेराच्या आसपास टक् करून लागला.

बटणही परत लावलं. गुटका कुजला होता, तो नवा सागवानी करून घेतला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या मात्र गेल्या, तिथं सोल्डर आणि स्लीव्ह आली. फ्यूजच्या जागी फ्यूज आले. निळी वायर बदलली, निळीच घातली, आणि टोक सीटखाली नेऊन दुमडून ठेवलं. आणि अँपिअर मीटरच्या वायरी वहीतल्या आकृतीप्रमाणं, म्हणजे आप्पांच्याप्रमाणं. त्या वेळी विचार असा केलाच नाही. तो पोरगा आला तेव्हा करावा लागला.

यात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे मी कशावर ठरवत होते? बटण चांगलं म्हणून ठेवलं म्हणावं तर त्याहून चांगली बटणं बाजारात पन्नास रुपयांना मिळतात. पट्ट्या काढल्या त्या वाईट म्हणून, तर त्यांनी पस्तीस वर्षं काम दिलं होतं. मग उत्तर पुतण्यानंच दिलं, त्याला कळलंही नाही. भावाचा मोठा ट्रॅक्टर पावसानंतर वाफसा पुरता आल्याशिवाय रानात घालता येत नाही, चाकं रुततात, माती दाबली जाते. मॅसी हलका, म्हणून त्या आठवड्यात पुतण्यानं तो पेरणीला नेला होता. मी रविवारी आले तर डॅशबोर्डवर मीटरच्या वर माझ्याच मास्किंग टेपची पट्टी, त्यावर पेननं डावीकडं बाण आणि "इकडे = चार्ज". मीच त्याला सांगितलं होतं, आजोबांची पद्धत म्हणून, कौतुकानं. त्यानं मनावर घेतलं होतं. पण त्याला रात्री रांगेत काट्याची राखण करायची नव्हती, कीर्तन बंद करायचं नव्हतं. त्याच्यासाठी ती एक लक्षात ठेवायची कटकट होती. उद्या भाऊ चालवेल, परवा रोजंदारीचा ड्रायव्हर. त्या प्रत्येकाला काय सांगणार? बटणाला पट्टी लागत नव्हती. हात आपोआप तिथं जात होता, कुणाचाही.

मी बॅटरीची वायर सोडली, डॅशबोर्डच्या मागं हात घातला आणि दोन्ही वायरी बदलल्या. पट्टी काढली. गोंदाचा डाग राहिला, तो रॉकेलनं पुसला. पुतण्या म्हणाला, "आता बरोबर?" मी म्हणाले, "आता पुस्तकातल्यासारखा." सुरू केला. काटा उजवीकडं गेला, आणि अजूनही, हे सगळं माहीत असून, तो उजवीकडं दिसला की माझ्या पोटात एक क्षण खड्डा पडतो. बॅटरी उतरतेय, आप्पांना उठवायला हवं. मग डोकं जागेवर येतं. आणखी काही महिने तरी असंच होणार. वर्गात मात्र परवा एका मुलानं मीटर उलटा जोडला आणि मी गुण कापायच्या आधी त्याला विचारलं, असा का जोडलास? तो गोंधळला. त्याच्याकडं काही कारण नव्हतं. कापले.

रंगाचं अजून ठरत नाही. भाऊ म्हणतो, एवढा खर्च केला तर लाल फक्कड मारून घे, लोकांना दिसू तरी दे. मला वाटतं पुराची रेघ, सीटच्या खाली पत्र्यावर बसलेली ती फिकट रेघ, तेवढी राहावी. वहिनीचं म्हणणं आम्हा दोघांहून वेगळं. ट्रॅक्टर गोठ्यातून काढा, मला म्हशीला जागा पाहिजे. तिचं बरोबर आहे.

सध्याचा वाद वेगळाच आहे. पुतण्यानं ऑनलाइन एक ब्लूटूथवाला प्लेअर मागवलाय, बरोबर ॲम्प्लिफायर आणि मडगार्डखाली लावायचे दोन स्पीकर. मायनस बॉडीचा आहे, त्यामुळं बसवायला अडचण नाही. सीटखालची निळी वायर त्यानं शोधून काढली, आणि "आत्ती, ही आधीच आहे की!" असं म्हणत थेट बॅटरीवर जोडायला निघाला. फ्यूज कुठाय, म्हटलं. तर खिशातून वीसचा काढला. मी म्हणाले, दहाचा टाक. म्हणे बेस मिळणार नाही. मग त्याला खाली बसवलं. डायनामो किती अँपिअरचा? बावीस. पुढचे दोन दिवे छत्तीस वॉटचे, मागचा नांगराचा तेवढाच, बारा व्होल्टला प्रत्येकी तीन. नऊ गेले. "तेरा राहतात!" तो विजयानं ओरडला. "आणि बॅटरी कशानं भरायची? तुझ्या बेसनं?" तो गप्प बसला, मोबाइलवर पुन्हा हिशेब केला, पुन्हा तेराच आले. वहिनीनं आतून जेवायला हाक मारली तेव्हा कुठं त्यानं नाइलाजानं दहाचा बसवला. वीसचे दोन फ्यूज त्याच्या शर्टाच्या खिशात आहेत, ते मला दिसताहेत. मी पुढच्या रविवारी येऊन तपासणार आहे, हेही त्याला माहीत आहे.